सातवा दोष

आमच्या गल्लीत आक्कांना कुणी सहज म्हणून वेळ विचारत नसे. विचारलीच तर त्या आधी उलट विचारायच्या, "साधारण हवी कीं नेमकी?" साधारण म्हटलं तर म्हणायच्या, "मग उन्हाकडे पाहा कीं. मज कशास विचारतेस?" नेमकी म्हटलं तर उजवा हात उलटा करायच्या, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेल्या घड्याळाकडे बघत सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबायच्या, आणि मग वेळ सांगायच्या. तोवर विचारणाऱ्याची बस निघून गेलेली असायची.

त्या आमच्या कुणाच्याच नात्यातल्या नव्हत्या. तंजावूरच्या राजवाड्यामागे ज्या दोन-तीन गल्ल्यांत आमची मराठी बोलणारी घरं अजून आहेत, त्यांतल्या एका गल्लीत आमच्यापासून चौथं घर त्यांचं. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. शाळेतल्या तमिळ मुली त्यांना पाठीमागे 'मणि टीचर' म्हणत. तमिळमध्ये घंटेला मणि म्हणतात आणि घड्याळात वाजलेल्या तासालाही मणिच म्हणतात. आक्कांना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं, कारण एरवी शब्दाला शब्द सुधारणाऱ्या त्या बाईंनी हे नाव कधी सुधारलं नाही.

फळ्यावर त्या कंपास न लावता हाताने वर्तुळ काढत. खडू टेकवला, खांद्यापासून हात एकदा फिरवला, की टोक टोकाला येऊन मिळालेलं असे. वर्गातल्या मुली सुतळी घेऊन ते मोजत. कधी चुकलं नाही. मी त्या शाळेत होते तेव्हा मीही मोजलेलं आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी टाउन बसच्या वेळांवर नजर ठेवायला घेतली. तिरुवैयारुला त्यांची एक जुनी सहकारी शिक्षिका राहायची, तिच्याकडे त्या दर मंगळवारी जात. बस उशिरा आली तर काही बोलत नसत. वेळेआधी सुटली तर मात्र डेपोला पत्र. "उशीर हा आळस आहे गे," त्या मला म्हणायच्या, "वेळेआधीं निघणें ही चोरी. जो वेळेवर येतो त्याचें तोंडचें काढून घेणें." पुढं पुढं मंगळवारच्या बसचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून त्यांच्याकडे बघत थांबे. त्यांनी मान हलवली की गिअर टाकी. प्रवासी आधी चिडायचे, नंतर हसायचे, नंतर त्यांना त्याची सवय झाली.

मी हे ज्या लिपीत लिहिते आहे ती त्यांनीच मला शिकवली. आमच्या घरांत मराठी बोलली जाते, पण वाचता फारशी कुणाला येत नाही. आमची आई वाणसामानाची यादी मराठीत सांगायची आणि मी ती तमिळ अक्षरांत लिहायची. आक्का दर रविवारी सकाळी सात वाजता आपल्या ओट्यावर गल्लीतल्या मुलांना नागरी शिकवत. सात वाजून एका मिनिटाने ओट्याचं लोखंडी दार बंद. पाठ्यपुस्तक वगैरे नव्हतं. त्या घरातलंच बोलणं लिहायला लावत. मी लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, 'कापींत साखर घालूं नको.' कापी म्हणजे कॉफी. आमच्या आईच्या तोंडचं वाक्य कागदावर बघून मला तेव्हा विचित्र वाटलं होतं, कुणी तिचा आवाज धरून ठेवल्यासारखं. माझ्या वेळी आम्ही चौदा जण होतो. शेवटी शेवटी चारच उरले होते, आणि तेही आया ढकलत म्हणून येत. चौदा जणांवर ओरडायच्या तितक्याच आक्का त्या चौघांवरही ओरडायच्या.

घड्याळ त्यांच्या वडिलांचं. चावीचं, पुरुषी, मोठ्या तबकडीचं, सेकंदाचा काटा खाली छोट्या गोलात वेगळा. शाळेत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी स्वतःच्या मनगटावरून काढून त्यांना दिलं आणि पट्ट्याला सुरीच्या टोकाने एक जास्तीचं भोक पाडलं. रोज सकाळी सहा वाजता त्या त्याला चावी द्यायच्या, वीस वळसे, मोजून. दुसरं घड्याळ त्यांनी कधी घेतलं नाही. मोबाइल भावाने दिलेला होता, तो स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यावर उताणा पडलेला असे.

आता जे झालं ते सांगते.

ते घड्याळ मागं पडायला लागलं म्हणून आक्कांनी जुन्या बसस्टँडजवळच्या भाईंकडे साफसफाईला दिलं. भाई म्हणजे एका जिन्याखालच्या दोन हात रुंद दुकानात बसणारे वयस्क मुसलमान कारागीर. आक्कांच्या वडिलांच्या वेळेपासून हे घड्याळ तेच बघायचे. त्या वेळी भाईंच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. घड्याळ परत आलं ते दोष घेऊन.

आक्कांनी ते आठवडाभर तपासलं आणि वहीच्या रेघांच्या पानावर, गणिताच्या पेपरात लिहावं तसं, क्रमांक घालून लिहून काढलं. मिनिटकाटा तिरका बसला होता, त्यामुळे साडेसहा वाजता तासकाटा अजून सहावरच. चारच्या आकड्याजवळ ओरखडा. काचेच्या आत धुळीचा कण. दिवसाला चार मिनिटं पुढे. चावी देताना खरखर. मागचं झाकण एका बाजूला उचललेलं. असे सहा. आणि मग, तितक्याच स्वच्छ अक्षरात:

'सात. घड्याळ मधून मधून एक तास खातें.'

तो कागद आणि घड्याळ त्यांनी माझ्याकडे दिलं, कारण माझं ऑफिस जुन्या बसस्टँडच्या वाटेवर. "त्यांना वाचून दाखव," म्हणाल्या. "मी गेलें तर मजकडून काहीं कठोर बोलणें होईल. म्हातारा मनुष्य आहे."

"तास खातं म्हणजे काय, आक्का?"

"खातें म्हणजे खातें. भात ठेविला तेव्हां अकरा. वळून पाहिलें तर बारा वाजून गेले आणि भात कोळसा. मधला तास कोठें गेला?"

मी हसले. मला वाटलं, वाचत बसल्या असतील.

भाईंनी एकेक दोष ऐकला, मी तमिळमध्ये सांगत गेले तसा. प्रत्येकाला त्यांनी मान खाली घालून होकार दिला. डोळ्याचं तेव्हाच मला सांगितलं. आता ऑपरेशन झालं होतं, नीट दिसत होतं. "सगळं परत खोलून नीट करून देतो, अम्मा. माझ्या हातचं असं काम त्यांच्या मनगटावर फिरतंय, हे मला सहन होत नाही." मग मी सातवा वाचला. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

"हे घड्याळ करू शकत नाही," ते म्हणाले.

"का?"

"तासभर बंद पडलं असेल, तर परत चालू झाल्यावर तासभर मागं असेल. होतं का मागं?"

"नाही. पुढंच असतं. चार मिनिटं."

"मग ते बंद पडलेलं नाही. चालत होतं." "अम्मा, सहा दोष माझे आहेत. हा माझा नाही."

मी तिथं त्या जिन्याखाली उभी होते, मागून बस हॉर्न वाजवत होत्या, आणि मला एकेक गोष्ट आठवायला लागली. मागच्या रविवारी मुलं सात वाजता ओट्यासमोर उभी राहिली, दार बंद. आक्कांनी नऊ वाजता दार उघडलं, आणि सात आत्ता वाजताहेत, दोन तास आधी का आलात म्हणून मुलांनाच रागावल्या. मुलांनी मोबाइल दाखवला तर म्हणाल्या, "माझें घड्याळ अजून सुधारावयाचें आहे." मला त्यांनी एकाच दिवशी दोनदा डांगर पच्चडी, उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, आणून दिली होती. मी आईला म्हटलं होतं, आक्का हल्ली लाड फार करतात.

"घड्याळ ठेवून जा," भाई म्हणाले. "चार दिवसांत देतो." मग भिंग पुन्हा उचलत त्यांनी हळू विचारलं, "पण मी हे सहा काढले, आणि तास तरीही जात राहिला, तर त्या काय समजतील?"

मी घड्याळ न ठेवता परत घेऊन आले.

त्यानंतरचे दोन आठवडे मी आक्कांना टाळत होते. त्यांच्या भावाला फोन केला, ते कोइमतूरला असतात, मी त्यांना मामा म्हणते. मी म्हटलं, आक्कांना डॉक्टरकडे न्यायला हवं. ते म्हणाले, "या वयात सगळेच विसरतात. मीही चष्मा डोक्यावर ठेवून शोधतो. ती लहानपणापासून घड्याळावरून भांडणारी. ते दुरुस्त करून टाक, गप्प बसेल." आक्कांपुढे डॉक्टरचं नाव काढलं तर त्या म्हणाल्या, "घड्याळ बिघडलें तर डॉक्टर कशास?" आणि इतक्या मोकळ्या हसल्या की मलाही हसावं लागलं.

मी विचार करत होते तो असा. घड्याळात दोष आहेत तोवर त्यांना आधार आहे. भात करपला, घड्याळ. मुलं ताटकळली, घड्याळ. पण तोवर त्या डॉक्टरकडेही जाणार नाहीत, आणि मी कुठंतरी वाचलं होतं की अशा आजारात लवकर गेलेलं बरं असतं. दोष काढले तर आधार जाईल, पण निदान त्या उपचाराला तयार होतील. मला हे दुसरं शहाणपणाचं वाटत होतं. पहिलं मायेचं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असं नाही.

एका संध्याकाळी त्यांनीच मला बोलावलं. पेल्यासकट कापीचा डबरा पुढं ठेवला, हातातलं घड्याळ काढून दोघींच्या मध्ये ठेवलं.

"भाई काय म्हणाले हें तूं मज सांगितलें नाहींस."

"सहा दोष काढून देतो म्हणाले."

"आणि सातवा?"

मी म्हटलं, "त्याचंही बघतो म्हणाले." हे खोटं होतं.

त्यांनी घड्याळ बोटाने माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "ऐक. जुनें यंत्र आहे. पुन्हा खोललें तर कांहीं तुटेलही. आहे तसें राहूं द्यावें असेंही मनांत येतें. चालतें तर आहे. तूं सांग. दुरुस्त करूं कीं राहूं देऊं?"

आक्कांनी जन्मात कुणाला असं विचारलं नव्हतं. ज्या बाईला चार मिनिटं सहन होत नव्हती ती म्हणत होती, राहू द्यावं असं मनात येतं. मी तेवढं तरी ऐकायला हवं होतं. पण माझं उत्तर तयार होतं.

"करून घेऊं या, आक्का."

"सरि," त्या म्हणाल्या. बरं, एवढंच.

भाईंनी जीव ओतून काम केलं. घड्याळ आलं ते असं, की ओरखडासुद्धा बारीक नजरेने शोधावा लागे. आक्कांनी वहीत नवीन पान घेतलं आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आकाशवाणीच्या ठोक्यांशी वेळ ताडून बघितली. तीन दिवसांत फरक अर्ध्या मिनिटाहून कमी. चौथ्या दिवशी त्यांनी पान बंद केलं. त्या दिवशी त्या फार आनंदात होत्या. गल्लीत तिघांना न विचारता वेळ सांगितली.

पुढच्या मंगळवारी मला ऑफिसात फोन आला. तिरुवैयारुच्या बसचा कंडक्टर होता, आक्कांच्या पिशवीतल्या वहीवर माझा नंबर होता. "तुमच्या टीचर वेण्णारच्या पुलाजवळच्या स्टॉपवर बसल्यात. सकाळी जाताना उतरल्या, आता येतानाही तिथंच आहेत. बसमध्ये चढत नाहीत."

मी स्कूटर काढली. पुलाच्या अलीकडे उसाच्या रसाची गाडी लागते, तिच्या बाकावर आक्का ताठ बसल्या होत्या. घड्याळ मनगटावरून काढून तळहातावर धरलेलं. खाली नदीला पाणी सोडलेलं होतं.

"नऊला उतरलें," त्या म्हणाल्या. "आतां साडेअकरा."

"चला, घरी जाऊं."

"थांब. तुझ्या फोनांत किती?"

"साडेअकरा."

"नेमके?"

मी बघितलं. "अकरा एकतीस."

त्यांनी तबकडीकडे पाहिलं. मिनिटकाटा सहाच्या आकड्यावरून नुकताच पुढे सरकला होता, आणि तासकाटा अकरा आणि बाराच्या बरोब्बर मध्ये होता, जसा असायला हवा तसा.

"म्हणजे घड्याळ बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मी फोन पर्समध्ये टाकला.

"मग मी." एवढं म्हणून त्यांनी घड्याळ पिशवीत टाकलं. स्कूटरवर मागं बसताना त्यांनी माझा खांदा धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच धरलं होतं.

त्या डॉक्टरकडे आल्या, एका शब्दाने विरोध केला नाही. डॉक्टर तरुण बाई होती, प्रेमळ होती. बरेच प्रश्न विचारल्यावर तिने कोरा कागद दिला आणि म्हणाली, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आक्कांनी पेन टेकवलं आणि हात फिरवला. वर्तुळ असं आलं की डॉक्टर चकित होऊन माझ्याकडे बघायला लागली. मग आक्का आत आकडे लिहू लागल्या, नागरीत, एकापासून बारापर्यंत, एकही न चुकता. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने बसले. डावा अर्धा कोरा राहिला. काटे त्यांनी काढलेच नाहीत.

डॉक्टरला नागरी येत नव्हती. "काय लिहिलंय?" तिने मला विचारलं.

"अंक बरोबर आहेत," मी म्हणाले. "जागा चुकल्यात."

गोळ्या दिल्या. या आजाराला परतीची वाट नाही, वेग थोडा कमी करता येईल, तोही सांगता येत नाही, असं तिने सरळ सांगितलं. मी विचारलं, लवकर आलो तर फायदा होतो ना? ती म्हणाली, "घरच्यांना तयारीला वेळ मिळतो." मी जे मिळवायला गेले होते ते एवढंच होतं.

ओट्यावरचा वर्ग बंद झाला. चार मुलांच्या आयांनी विचारलंही नाही का म्हणून. मी एक-दोन रविवार बसून पाहिलं. मुलं मला घाबरत नव्हती आणि मला शिकवता येत नव्हतं.

आक्का घड्याळ घालेनात. सकाळी सहाला चावी द्यायचं थांबलं. उघडा उजवा हात त्या पदराखाली ठेवत. पूर्वी भात करपला की भांडं माझ्यापुढे नाचवून तक्रार करायच्या. आता मागच्या मोरीत गुपचूप घासत बसायच्या. एक दिवस घड्याळ माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "भाईंकडे जा. पूर्वीं होतें तसें करून आण."

"तसं म्हणजे?"

"काटा तिरका बसवूं दे. चार मिनिटें पुढें असूं दे."

मी गेले. भाईंनी ऐकलं आणि रुमालाने काच पुसायला घेतली. "काटा काढून तिरका दाबायचा, श्वास घ्यायला लागतो तेवढंच काम," ते म्हणाले. "पण पन्नास वर्षांत मुद्दाम कुणाचं बिघडवलं नाही." मी म्हणाले, मला ठाऊक आहे. मग त्यांनी झाकण उघडलं. काम झाल्यावर घड्याळ माझ्या हातात न देता समोरच्या फळीवर ठेवलं, आणि मी ते उचलेपर्यंत भाई दुसरीकडे बघत राहिले.

आक्कांनी ते खिडकीशी नेऊन पाहिलं. किती वेळ ते मला आता सांगता येणार नाही.

"हें त्यांनीं जाणून केलें आहे," त्या म्हणाल्या. "पहिलें चुकून झालें होतें." आणि घड्याळ कपाटात ठेवलं.

तीन महिन्यांनी मामा कोइमतूरहून गाडी घेऊन आले. तोपर्यंत आक्का दोनदा कीळवासलच्या बाजारात हरवल्या होत्या आणि मामांना काही समजवावं लागलं नाही. सामान म्हणजे दोन पेट्या आणि एक तांब्याची घागर. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या होत्या. आक्का कुणाला ओळखत होत्या, कुणाकडे बघून नुसत्या हसत होत्या. मी ओळखीच्यात येईन की नाही हे मला सांगता आलं नसतं, म्हणून मी जरा मागं राहिले होते.

मामा घराला कुलूप लावत होते. गाडीच्या मागच्या सीटवरून आक्कांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी खिडकीशी वाकले. त्यांचे डोळे त्या क्षणी अगदी स्वच्छ होते, वर्गात पेपर वाटताना असायचे तसे.

"दुरुस्त करूं कीं राहूं देऊं म्हणून मी विचारलें, तेव्हां तुज सगळें ठाऊक होतें ना?"

"होय, आक्का."

"मजही ठाऊक होतें," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुज विचारलें."

मामा आत बसले. त्यांनी काच वर केली आणि गाडी सुरू केली.